विश्वासू हात कोणाचे?

गेल्या दिवाळीत आम्ही विंचूरास असता घरातील एका मुलाने प्रश्न केला: लिव्हिंग्स्टन आफ्रिकेच्या अरण्यात वारला, मग त्याची कबर लंडनास कशी? त्याच्या हाती इंग्रज प्रवाशांच्या चरित्रांचे पुस्तक होते. सिंहाने मोडलेला हात, स्टॅन्लेची भेट, सारे त्यात सविस्तर होते. प्रेत आणणारांची बोळवण मात्र ‘इमानी नोकर’ एवढ्यावरच!

याचे उत्तर आमच्या नाशकात आहे. गुलामांच्या गलबतांवरून सोडविलेली आफ्रिकन मुले शरणपूरच्या मिशनमध्ये शिकत. १८६५ साली लिव्हिंग्स्टन तेथे आला व नऊ जणांस घेऊन गेला. १८७२ साली स्टॅन्लेने झांझिबारहून धाडलेल्या तुकडीत तेथलेच आणखी सहा होते. जेकब वेनराइट त्यांपैकी एक. १८७३ च्या मे महिन्यात चितांबोच्या गावी लिव्हिंग्स्टन निवर्तला. सुसी व चुमा (हेही मुंबईचे पाणी प्यालेले) यांच्या पुढारपणाखाली या मंडळींनी त्याचे हृदय झाडाखाली पुरले, देह मीठ लावून उन्हात सुकविला आणि हजार मैलांहून अधिक वाट तुडवीत फेब्रुवारी १८७४ मध्ये बागामोयोचा किनारा गाठला. प्रार्थना वाचली जेकबने, झाडावर नाव कोरले त्यानेच. वाटेत कॅमेरून या इंग्रज अंमलदाराने प्रेत तेथेच पुरण्याचा सल्ला दिला. तो त्यांनी साफ नाकारला. साहेबाचा सल्ला झिडकारणारास केवळ नोकर म्हणणे आम्हांस तरी जड जाते.

१८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबेत शवपेटीच्या आठ मानकऱ्यांत स्टॅन्लेच्या पंक्तीस जेकब होता. सुसी व चुमा इंग्लंडास पोहोचले ते अंत्यविधी आटोपल्यावर. तेथील शिलेवर विश्वासू हातांचा उल्लेख आहे. ते हात कोणाचे, हे लिहिलेले नाही.

आमच्यातील काही विद्वान म्हणतील, ही मुले ना मराठी, ना आपल्या धर्माची; त्यांच्याशी आपला संबंध काय? आफ्रिकेत त्यांस ‘नासिकची मुले’ म्हणूनच ओळखत. गावाचे नाव त्यांनी मिरविले. गावाने त्यांचे विसरावे, हा कोठला न्याय? इंग्रजांनी आपल्या इतिहासातून एतद्देशीयांची नावे गाळली म्हणून आम्ही कंठशोष करतो. आणि आम्ही? विंचूरात विठ्ठल शिवदेवांचे नाव पोरासोरांस ठाऊक. त्यांच्यामागे पानिपतावर गेलेल्या बारगिरांपैकी एकाचे तरी नाव आम्हांस सांगता येईल काय?

त्या पुस्तकाच्या समासात आम्ही मुलाकडून नावे लिहवून घेतली: सुसी, चुमा, जेकब वेनराइट, जॉन वेनराइट, मॅथ्यू वेलिंग्टन, कॅरस फॅरर. पुस्तक वाचनालयाचे होते. दंड आम्ही भरू.