माजी विद्यार्थ्यांची यादी

आमच्या ग्वाल्हेरच्या संगीतशाळेच्या स्नेहसंमेलनात माजी विद्यार्थ्यांची यादी वाचतात. कोण आकाशवाणीवर गेला, कोणास पदक मिळाले. यंदाही वाचली. माझी एक जुनी विद्यार्थिनी मागे बसली होती. तिचे नाव आले नाही. लग्नानंतर तिचा तानपुरा बारा वर्षे गवसणीत होता. गेल्या दसऱ्यास तिने तो काढला, जवारी करून घेतली, आणि आता गल्लीतल्या सहा मुलींकडून भूप घोटवून घेते.

माधव संगीत महाविद्यालय १९१८ साली निघाले. त्यासाठी राजाभैया पूछवाले आदल्या वर्षी मुंबईस भातखंड्यांकडे स्वरलिपी शिकावयास बसले. वय पस्तिशीचे, गळा तयार, तरी पुन्हा विद्यार्थी! त्यांचा १९५६ चा अकादमी पुरस्कार सर्वांस पाठ. हे मुंबईचे बसणे कोणी सांगत नाही. मी दरबारी गवयाचा मुलगा. मानाच्या शाली घरात पुष्कळ पाहिल्या, त्यांस कसर लागलेलीही पाहिली.

त्या बाईंचे नाव यादीत घाला, असे मी चिटणिसांस लिहिले. ‘कोणत्या सदरात?’ म्हणून उलट विचारणा आली. ‘शिकवतात’ असे एक सदर काढा, एवढेच मी कळविले आहे. उत्तराची वाट पाहतो.