शेअर बाजार रात्री बंदच राहू द्या

कृषिपंपाला दिवसा लाईट द्या म्हणून आपण वर्षानुवर्षं ओरडतोय. आणि त्याच रात्रीच्या लाईटीवर मोटार चालू करून बांधावर बसलेली आपली पोरं मोबाईलवर शेअर घेताहेत. मंडळी, आज त्यावरच लिहायचंय.

परवा अंकुशनगरात चहा घेताना ओळखीतल्या एका पोरानं मोबाईल पुढं केला. "काका, ४१२ ला घेतला होता, ४४७ ला कसा पडला?" रात्री अकराला त्यानं दोनशे शेअरची मार्केट ऑर्डर टाकलेली. पैसे उसाच्या बिलाचे. स्क्रीनवरचा ४१२ हा दुपारी साडेतीनचा भाव. संध्याकाळी कंपनीचे निकाल आले, ते याला माहीतच नाही. सकाळी शेअर ४४७ वर उघडला, दुपारी ४२० वर आला. ५,४०० रुपये गेले.

ॲपनं मात्र रात्रीच हिरवी खूण दाखवून ऑर्डर यशस्वी झाल्याचं सांगितलं होतं. कसली यशस्वी? रात्रीची ऑर्डर बाजारात जातच नाही. ती ब्रोकरकडं पडून राहते आणि सकाळी बाजार उघडताना पुढं जाते. शनिवारी टाकली तर थेट सोमवारी. आणि मार्केट ऑर्डर म्हणजे "मिळेल त्या भावात घे." आडतीवर भाव विचारल्याशिवाय आपण सोयाबीनचं पोतं खाली उतरवत नाही, इथं सगळा बिनभावाचा सौदा. हे दोन ओळींत मराठीत लिहायला ब्रोकरांना काय जड जातं? जाहिराती बऱ्या मराठीत करता येतात!

यावर काही शहाणे म्हणतात, मग बाजारच रात्री चालू करा. गिफ्ट निफ्टी जवळपास २१ तास चालतो, एमसीएक्सवर सोनं-चांदी रात्री साडेअकरापर्यंत चालतं, मग निफ्टीच का नको? एनएसईनं संध्याकाळी ६ ते ९ असं वायद्यांचं सत्र मागितलंही होतं. २०२४ मध्ये सेबीनं तो प्रस्ताव परत पाठवला. कारण काय? तर ब्रोकर मंडळींकडून हवा तो प्रतिसाद आला नाही! तुमच्या-माझ्या नुकसानीचा त्या कारणात उल्लेख नव्हता. म्हणजे दाराला नुसती कडी आहे, कुलूप नाही.

नुकसान किती, ते सेबीनंच मोजलंय. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत वायदे-ऑप्शनमधल्या १०० पैकी ९३ वैयक्तिक गुंतवणूकदारांनी पैसे घालवले, एकूण १.८ लाख कोटींहून जास्त. त्यात ७२ टक्क्यांहून अधिक लोक मोठ्या तीस शहरांबाहेरचे. म्हणजे आपल्यासारख्या गावांचेच. आणि कमावलं कुणी? बड्या ट्रेडिंग कंपन्या आणि परदेशी संस्थांनी, तेही बहुतेक कॉम्प्युटरच्या अल्गोवर. त्या मशीनला झोप लागत नाही. आपला माणूस दिवसभर रानात राबून, जेवून, पेंगत तिच्यासमोर बसणार. ही बरोबरीची कुस्ती आहे का?

"ज्याला नको त्यानं खेळू नये" हे मला कुणी सांगू नये. दुकान उघडं असलं की गिऱ्हाईक जातंच. मटक्याचा अड्डा ज्या गावात बसला तिथं हे सगळ्यांनी पाहिलंय.

आणखी एक. व्हॉट्सॲप ग्रुपवर "बाजार बंद झाल्यावर स्वस्तात शेअर, परदेशी संस्थेच्या कोट्यातून" असं कुणी सांगत असेल तर तो सरळ चोर आहे. अशा परदेशी संस्थांच्या नावानं चालणाऱ्या बनावट ॲपबद्दल सेबीनं फेब्रुवारी २०२४ मध्येच इशारा दिलाय.

रात्रीचं सत्र नको, हे सेबीला लिहून कळवायचंय. पत्र मी तयार करतोय, सही करणाऱ्यांनी खाली नाव टाका. आणि ज्यांची ऑर्डर आत्ता पडून आहे, त्यांनी ती आजच उघडून बघा. मार्केट दिसत असेल तर स्वतःचा भाव टाकून लिमिट करा, नाहीतर रद्द करा.