भुलाबाईचीं गाणीं आणि स्पेनचा पियानो

लोकगीतें हा शब्दांचा ठेवा आहे, असें आपण नेहमीं म्हणतों. परंतु तो सुरांचाहि ठेवा आहे, हें सहसा ध्यानांत येत नाहीं. या बाबतींत स्पेन देशांतील संगीतरचनाकार मान्युएल द फाया यांचें उदाहरण आम्हांस मननीय वाटतें.

फाया यांनीं १९१९ सालीं केवळ पियानोसाठीं ‘फांतासिया बेतिका’ ही रचना केली. बेतिका हें दक्षिणेकडील आंदालुसिया प्रांताचें रोमन काळचें नांव. प्रसिद्ध वादक आर्थर रुबिनस्टाईन यांनीं ती १९२० सालीं न्यूयॉर्क येथें प्रथम वाजविली. या रचनेंत एकहि लोकगीत जसेंच्या तसें घेतलेलें नाहीं. तथापि ऐकणारास आंदालुसियांतील गाणें आणि गिटार ऐकल्याचा भास होतो. पियानो हें आपल्या पेटीप्रमाणेंच बांधल्या सुरांचें वाद्य. त्यावर मींड निघत नाहीं. म्हणून लगतच्या सुराचा ओझरता स्पर्श देऊन फाया यांनीं गळ्यांतील हेलकावा सुचविला, आणि एकच सूर झपाट्यानें पुनःपुन्हा वाजवून गिटारीच्या तारेचा झणत्कार साधला.

हें कौशल्य केवळ शिक्षणानें येत नाहीं. फाया यांचा जन्मच आंदालुसियांतील कादिझ शहरीं झालेला. त्या प्रांताचें गाणें त्यांच्या कानांत मुरलेलें होतें. परंतु तेंच जुनें गाणें भेसळीनें बिघडत चाललेलें पाहून १९२२ सालीं त्यांनीं कवि लोर्का प्रभृतींच्या साहाय्यानें ग्रानादा येथें त्याची स्पर्धा भरविली. आपल्याकडेहि कुमार गंधर्व १९४८ सालीं देवासला आले आणि पुढें माळव्याच्या लोकधुनांतून त्यांनीं नवे राग निर्माण केले. दोन्ही ठिकाणीं मूळ गाणें गाणारे कंठ होते, म्हणूनच हें घडलें.

आतां आपल्या बुलढाणा जिल्ह्याकडे पहावें. भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत मुली टिपऱ्यांच्या तालावर भुलाबाईचीं गाणीं म्हणतात. एकत्र कुटुंबांत प्रत्येक सून आपल्या माहेरची चाल घेऊन येते. त्यामुळें एकाच घरांत एका गाण्याच्या दोन-तीन चाली नांदूं शकतात. शब्द वहींत उतरतात, छापलेहि जातात. चाल मात्र गाणारीबरोबरच जाते, आणि मग त्याच शब्दांना चित्रपटांतील एखादी धून चिकटविली जाते.

म्हणून आमच्या वाचकांस विनंति आहे कीं, येत्या भाद्रपदांत घरांतील आजींना, आत्यांना व काकूंना त्यांच्या माहेरच्या चालींत गाणीं म्हणावयास सांगावें. मुलांनीं तीं मोबाइलवर ध्वनिमुद्रित करावींत, आणि कोणतें गाणें, कोणत्या गांवचें, कोणाकडून शिकलेलें, एवढें सोबत लिहून ठेवावें. या कामास संगीताचें ज्ञान लागत नाहीं. फक्त आजींचा कंठ शाबूत आहे तोंवरच तें झालें पाहिजे.