सप्रेम भेट नको

गेल्या वर्षी या पानावर आमच्या बाल्कनीतल्या तुळशीची कर्मकहाणी लिहिली होती. त्यावर बरेच फोन आले आणि तुळस कशी जगवावी याचे एकमेकांशी न पटणारे सात सल्ले मिळाले. (ती तुळस गेली. नवी आणली आहे.) यंदा बाल्कनीतून घरात येतो, कारण जून ते सप्टेंबर आमच्याकडे ते दार उघडायचं धाडस कोणी करत नाही. बनेद अल-गारमध्ये राहतो म्हटलं की गावाकडचे नातेवाईक हसतात, म्हणतात, निदान नाव तरी गार आहे. इथल्या अरबीत गार म्हणजे डांबर. दुपारी दोन वाजता खाली रस्त्यावर उतरून बघा, नाव किती चपखल आहे ते कळेल.

तर या बंद दाराआडच्या चार महिन्यांत चिरंजीव आणि मी अंतराळात असतो. म्हणजे संगणकावर. घरात यावर दोन मतं आहेत. हिचं मत असं, की एक मुलगा पुरेसा होता.

ज्या पालकांना 'गेम' म्हटलं की फक्त ठो-ठो आठवतं, त्यांच्यासाठी आधी थोडं सांगतो. मी ज्यांच्याबद्दल लिहितोय त्या खेळांना शेवट नसतो. एक यान मिळतं, थोडे पैसे मिळतात, वर आकाश असतं, आणि पुढे तुमचं तुम्ही. व्यापार करा, नकाशे काढा, नाहीतर एखाद्या कड्यांच्या ग्रहाजवळ यान उभं करून नुसते बघत बसा. मी बहुतेक वेळा शेवटचंच करतो.

याची सुरुवात 1984 ची. केंब्रिजला शिकणाऱ्या डेव्हिड ब्रेबेन आणि इयन बेल या दोन मुलांनी 'एलीट' लिहिला. ज्या बीबीसी मायक्रो संगणकावर तो चालायचा त्याची मेमरी होती 32 किलोबाइट. आज मोबाईलवर काढलेला एक फोटो त्याच्या शंभरेक पट जागा खातो. एवढ्याशा जागेत त्यांनी आठ दीर्घिका बसवल्या आणि प्रत्येकीत 256 ग्रहमाला. कशा? यादी साठवलीच नाही. साठवला तो एक सुरुवातीचा आकडा आणि एक नियम. आपल्याला एकोणतीसचा पाढा पाठ नसतो, पण गुणाकार येत असतो, म्हणून एकोणतीस सत्ते विचारलं की उत्तर काढता येतं आणि ते दर वेळी तेच येतं. तसंच तिथल्या ग्रहाचं नाव, तिथलं सरकार, धान्याचा भाव हे सगळं मागितल्यावर त्या नियमातून तयार व्हायचं. खरं तर त्यांना यापेक्षा कितीतरी जास्त दीर्घिका देता येत होत्या, प्रकाशकानं आठांवर थांबवलं. शहाणा माणूस. फार दिलं की सगळं सारखंच दिसायला लागतं.

ही अडचण पुढे खरोखरच आली. 2016 च्या ऑगस्टमध्ये 'नो मॅन्स स्काय' आला. त्याच उन्हाळ्यात, 21 जुलैला, आपल्या मित्रिबाहला 53.9 अंश तापमान नोंदलं गेलं होतं, त्यामुळे बाहेरच्या ग्रहावर जायची इच्छा आम्हा सगळ्यांनाच होती. इंग्लंडमधल्या गिल्डफर्डची हॅलो गेम्स ही छोटी कंपनी, खेळ बनवणारी मूठभर माणसं, आणि ग्रह किती, तर दोनाचा चौसष्टावा घात. बुद्धिबळाच्या पटावर पहिल्या घरात एक दाणा, मग दोन, मग चार अशी गोष्ट आपण लहानपणी ऐकली आहे. त्या साऱ्या पटावरच्या दाण्यांपेक्षा हे ग्रह बरोबर एकाने जास्त. आजोबांच्या मोजणीत एकशे चौऱ्याऐंशी परार्ध. सेकंदाला एक ग्रह पाहिला तरी अठ्ठावन्न हजार कोटी वर्षं लागतील. पण पहिल्या आवृत्तीत पन्नासावा ग्रह पाहताना पाचव्याची आठवण यायची. शिवाय आधी सांगितलेल्या किंवा सुचवलेल्या कित्येक गोष्टी त्यात नव्हत्या. खेळणारे खवळले. कंपनीनं तोंड बंद ठेवलं आणि काम चालू ठेवलं. त्याच नोव्हेंबरपासून एकामागून एक भर पडत गेली, 2018 मध्ये मित्रांबरोबर खेळायची नीट सोय झाली, आणि यातल्या कुठल्याच भरीसाठी एक पैसाही मागितला नाही. आज लहान मुलांबरोबर बसायचं असेल तर मी हाच सुचवीन. रंगीत आहे, दयाळू आहे, मेलात तरी फार बिघडत नाही.

ब्रेबेन यांचा नवा 'एलीट डेंजरस' 2014 चा. त्यासाठी लोकांकडून आधीच पैसे गोळा केले होते, पंधरा लाख पौंडांहून जास्त. त्यात आपली आकाशगंगाच आहे, खऱ्या मापाची, चाळीस हजार कोटी ताऱ्यांची. इतकी मोठी, की यानातून दिवसचे दिवस निघालात तरी कोणी भेटत नाही. परदेशात पहिल्या वर्षी एकट्यानं काढलेल्या माणसाला ही भावना ओळखीची वाटेल. पण खेळायला इंटरनेट लागतंच. त्याशिवाय चालणारी आवृत्ती देऊ म्हणाले होते, ती ऐन वेळी रद्द केली. शिकायला वेळ लागतो, आणि चिरंजीवांच्या मते 'बाबा, हे तुझ्या ऑफिससारखं आहे.'

आमच्या घरातला खरा राजा म्हणजे 'कर्बल स्पेस प्रोग्रॅम'. हा मेक्सिको सिटीतल्या स्क्वॉड नावाच्या जाहिरातीच्या कंपनीत जन्मला. तिथला फेलिपे फलांघे नोकरी सोडून खेळ बनवायला निघाला होता. मालकांनी सांगितलं, इथेच बनव. 2011 मध्ये पहिली आवृत्ती लोकांपुढे आली, पूर्ण खेळ 2015 मध्ये. हिरवी छोटी माणसं, स्वतः जोडलेलं रॉकेट, आणि गुरुत्वाकर्षण मात्र खरं. पुढे गेलेल्या यानाला गाठायचं असेल तर इंजिन उलटं लावून वेग कमी करावा लागतो, हे मला पन्नाशीत माझ्या मुलानं शिकवलं. वेग कमी केला की कक्षा खाली येते, खालची कक्षा लहान असते, तिथे फेरी लवकर पूर्ण होते, आणि आपण पुढच्याला गाठतो. मी सांगलीला इंजिनिअरिंग केलं, हे सगळं परीक्षेत लिहून गुण मिळवले, पण कळलं या खेळात.

2023 च्या जुलैमध्ये चांद्रयान-3 निघालं, तेव्हा शेजारच्या काकांनी विचारलं होतं, अमेरिकन लोक चार दिवसांत पोहोचले, आपल्याला चाळीस दिवस का? चिरंजीवांनी त्यांना लॅपटॉपपुढे बसवलं आणि दाखवलं: आपलं रॉकेट लहान, म्हणून पृथ्वीजवळून जाताना दर फेरीला थोडं थोडं इंजिन लावायचं, म्हणजे कक्षेचं लांबचं टोक वर वर सरकत जातं. काकांनी स्वतः तीन रॉकेटं फोडली. 23 ऑगस्टला आपल्याकडच्या दुपारी तीन वाजून चौतीस मिनिटांनी यान उतरलं, तेव्हा आमच्या दिवाणखान्यात सर्वांत मोठ्यानं ओरडले ते काकाच.

याच खेळाचा दुसरा भाग मोठ्या कंपनीनं काढला. 2023 मध्ये अर्धाकच्चा विकायला ठेवला, 2024 मध्ये तो बनवणारा स्टुडिओ बंद झाला. पैसा भरपूर असला की खेळ चांगला होतो, ही माझी समजूत तेव्हा गेली.

उलट टोकाला एकांडे शिलेदार आहेत. अमेरिकेतला एक माणूस स्टाररेथ थ्रीडी गेम्स या नावानं 'इव्होक्रॉन' मालिका एकटा बनवत आला. चित्रं साधी, पण अंतराळातून निघून ग्रहाच्या जमिनीवर उतरेपर्यंत पडदा कुठे अडखळत नाही. रशियाच्या व्लादिमीर रोमन्यूक यांचं 'स्पेस इंजिन' तर खेळही म्हणता येणार नाही, सबंध विश्वातून हिंडायची सोय आहे. ते त्यांनी अनेक वर्षं फुकट दिलं, 2019 पासून विकायला लागले. नारळीकरांची पुस्तकं वाचून वाढलेल्या कुठल्याही आजोबांना हे लावून द्या आणि जेवायला हाक मारायची विसरू नका.

आता मूळ मुद्द्यावर येतो, आणि तो थोडा अडचणीचा आहे.

सांगलीत हॉस्टेलवर असताना मी ब्रेबेन यांचा 'फ्रंटियर' खेळलो. 1993 चा, एका फ्लॉपीत मावणारा. ती फ्लॉपी मित्राच्या मित्राची, त्याला कोणी दिली देव जाणे. विकत घ्यायची असते ही कल्पनाच नव्हती. पुढे कुवेतला आलो, पगार झाला, तरी सवय तीच. सात-आठ वर्षांपूर्वी एका ओळखीच्यांनी पेनड्राइव्ह दिला, चाळीस खेळ, सगळे फोडलेले. आणि मी पोट कशावर भरतो? शुवैखमध्ये गाड्यांच्या सुट्या भागांवर. बाजारात नकली ब्रेक लायनिंग दिसलं की मी दुकानदाराशी भांडतो.

ताईचा मुलगा तेव्हा सुट्टीत आमच्याकडे आला होता. त्यानं पेनड्राइव्हची यादी वाचली आणि एका नावावर बोट ठेवलं. "मामा, हा एका माणसानं सहा वर्षं खपून केलाय." मी म्हटलं, अरे, आपण कुठे विकतोय? घरीच तर खेळतो. तो काही बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

आज तोच भाचा पुण्यात कोथरूडच्या एका फ्लॅटमध्ये दोन मित्रांबरोबर स्वतःचा खेळ बनवतोय. अंतराळाचाच. चांगली नोकरी सोडून चौथं वर्ष. ताई दर शुक्रवारी मला फोनवर एकच विचारते, "हे किती दिवस रे?" माझ्याकडे उत्तर नाही. मी तिला 'राजी' ची गोष्ट सांगतो. पुण्याच्याच नॉडिंग हेड्स गेम्सनी तो बनवला. 2017 मध्ये लोकांकडून पैसे उभे करायचा त्यांचा प्रयत्न फसला, तरी 2020 मध्ये खेळ आला आणि त्या वर्षीच्या द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या विभागात नामांकन मिळालं. ताई म्हणते, नामांकन मिळालं, पैसे मिळाले का?

पैशांचं असं आहे. स्टीमवर, म्हणजे जिथे बहुतेक असे खेळ विकले जातात तिथे, शंभरातले तीस साधारणपणे दुकानाचे. उरलेल्या सत्तरांत कर, परतावे आणि मग तिघांची घरं. मोठ्या सेलमध्ये पाऊण किंमत उतरल्यावर घेतलेल्या प्रतीतून किती हाती पडत असेल, हिशेब करा. एका दिनारात साधारण सव्वातीन डॉलर येतात. सालमियात दोघांनी एकदा नीट जेवायचं म्हटलं तर असे दोन खेळ येतील.

मग आधीच पैसे द्यावेत का? आपल्याला हे नवं नाही. प्रकाशनपूर्व सवलतीत पुस्तकं आपण घेत आलो आहोत. डॉ. केतकरांनी ज्ञानकोशासाठी कंपनी काढून भाग विकले, वर्गणीदार मिळवत गावोगाव फिरले, आणि तेवीस खंड पुरे करून दाखवले. 'माझे बारा वर्षांचे काम' या पुस्तकात त्यांनी त्याचा हिशेबही मांडला. त्याच मार्गानं 2012 पासून 'स्टार सिटिझन'नं साठ कोटी डॉलरांहून जास्त जमवले आहेत, आणि पूर्ण खेळ अजून यायचा आहे. मी स्वतः दोघा मुलांच्या एका खेळाला चार दिनार आगाऊ दिले होते. दीड वर्षानं त्यांचं काम थांबलं, निरोपही आला नाही. राग आला, पण चार दिनारांपुरताच. तेव्हापासून माझा नियम: आगाऊ द्यायचं तर आज जेवढा खेळ बनला आहे तेवढ्याला किंमत आहे का ते बघून द्यायचं, आश्वासनाचे वेगळे नाहीत. घेतल्यापासून चौदा दिवसांच्या आत, आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल, तर स्टीम पैसे परत देतं. तेवढ्यात कळतं.

आणखी एक गोष्ट भाच्यानं सांगितली, ती मला ठाऊक नव्हती. नव्या खेळाला दहा अभिप्राय मिळेपर्यंत स्टीमवर त्याचा एकूण कल दिसतच नाही. आणि फुकट मिळालेल्या प्रतीवरून लिहिलेला अभिप्राय त्या मोजणीत धरत नाहीत. हे कळल्यावर मी कपाळाला हात लावला, कारण आमच्या नात्यातल्या निदान पंधरा जणांनी त्याला आत्ताच सांगून ठेवलंय, "आपलाच आहेस, एक आम्हाला पाठव हं." मराठी लेखकांची निम्मी आवृत्ती 'सप्रेम भेट' म्हणून गेली, आता ही मुलं त्याच वाटेनं जायची.

तेव्हा मंडळी, कोणाचा मुलगा, पुतणी, भाची असं काही बनवत असेल तर विकत घ्या. पूर्ण किमतीला, पहिल्या आठवड्यात. दोन तास खेळा, आणि आवडलं नाही तर आवडलं नाही असं लिहा. आपल्या मंडळात दहा घरं सहज निघतील. भाच्याच्या खेळाचं नाव मी इथे देत नाही, संपादकांनी जाहिरातींची पानं वेगळी ठेवली आहेत आणि मी मामा आहे. अभिप्रायही मी लिहिणार नाही. पैसे मात्र भरणार, दोन प्रतींचे. एक चिरंजीवांची आणि एक त्या फ्लॉपीबद्दल.

परवा ताईचा फोन आला. शुक्रवार नव्हता, म्हणून जरा दचकलो. म्हणाली, "अरे, शेजारच्या मुलाकडून त्या स्टीमवर खातं उघडून घेतलं. त्यानं याचा खेळ विशलिस्टमध्ये टाकून दिला. पण पैसे काही गेले नाहीत. नीट झालं ना रे?"