या आरएसएसचे वर्गणीदार व्हा

आरएसएस ही तीन अक्षरं उच्चारली की आमच्या मोहल्ल्यातल्या गप्पा एकदम थांबतात. म्हणून आधीच सांगून टाकतो, मी ज्या आरएसएसबद्दल लिहितोय तिचा नागपूरशी काही संबंध नाही. ‘रिअली सिंपल सिंडिकेशन’ हे तिचं आज रूढ असलेलं पूर्ण नाव. १९९९ साली नेटस्केप कंपनीत तिचा जन्म झाला. तिच्या पहिल्या आराखड्यात आयआयटी मद्रासमध्ये शिकलेल्या रामनाथन गुहांचा हात होता. पुढच्याच वर्षी जी नवी आवृत्ती आली, तिच्या लेखकांत ॲरन स्वार्ट्झ नावाचा अवघ्या चौदा वर्षांचा मुलगा होता.

ही आरएसएस काय करते? अनेक संकेतस्थळं आपल्या ताज्या मजकुराची एक यादी ठेवतात. त्यात शीर्षक, तारीख आणि दुवा असतो. या यादीला फीड म्हणतात. फीडली, इनोरीडर, न्यूजब्लर अशा एखाद्या रीडरमध्ये आपण आवडत्या जागांचे पत्ते एकदा भरून ठेवायचे. तिथे नवं काही आलं की ते आपल्यापर्यंत येतं, सगळं येतं आणि क्रमाने येतं. जुन्या मासिकाची वर्गणी भरावी तसंच. गेल्या महिन्यातली कविता तुम्ही वाचली नाही म्हणून पोस्टमनने या महिन्याचा अंक दडवून ठेवला, असं कधी झालं होतं का?

फेसबुकचा पोस्टमन नेमकं तेच करतो. तुम्ही एखादं पान ‘फॉलो’ केलं म्हणजे त्याचा मजकूर तुम्हाला दिसेलच असं नाही. जानेवारी २०१८ मध्ये तर कंपनीने जाहीरच केलं, की यापुढे पानांच्या मजकुरापेक्षा मित्र-नातेवाइकांच्या पोस्टना प्राधान्य मिळेल. त्याआधी २०१७ पासून तिच्या हिशेबात राग, हसू, प्रेम अशा चिन्हांना साध्या लाइकच्या पाचपट वजन होतं. २०२१ मध्ये बाहेर आलेल्या अंतर्गत कागदपत्रांतून हे जगाला कळलं. त्याआधीच रागाच्या चिन्हाचं वजन त्यांनी शून्यावर आणलं होतं. पण तोपर्यंतची वर्षं कशी गेली ते आपण पाहिलं आहे.

याची सर्वांत मोठी किंमत कोण मोजतं? ज्यांच्याविषयी राग पेटवणं सोपं असतं, ते. मराठी वर्तमानपत्रांना आपण ईदच्या शीरखुर्म्यापुरते आठवतो, आणि उर्दूवाल्यांना आपण पुरेसे उर्दू वाटत नाही. म्हणून आपण मोठ्या आशेने सोशल मीडियावर आलो. इथे कुणा संपादकाच्या पाया पडावं लागणार नाही, असं वाटलं. संपादक गेला खरा, पण त्याच्या खुर्चीत एक गणित येऊन बसलं. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांवर कुणी मन लावून लिहिलं तर ते दहा घरांतही पोचत नाही, आणि कुणी शिवी हासडली तर ती तासाभरात गावभर होते. ती आपल्याकडून गेलेली असो वा आपल्याकडे आलेली.

मला राग त्या कंपन्यांपेक्षा आपल्याच लोकांचा जास्त येतो. हदीसच्या अभ्यासात सनदेला केवढं महत्त्व! कोणी कोणाकडून ऐकलं, तो कसा माणूस होता, त्याची स्मरणशक्ती कशी होती, याची छाननी करण्यात आपल्या विद्वानांनी आयुष्यं घालवली. बातमी आली तर आधी शहानिशा करा, हा सूरह हुजुरातमधला हुकूम मशिदीत कितीदा ऐकतो आपण. आणि बाहेर येऊन चपला घालेपर्यंत एक फॉरवर्ड चार ग्रुपांत ढकललेला असतो. त्याला ना लेखक, ना तारीख, ना पत्ता. फीडमधला प्रत्येक लेख आपला पत्ता आणि तारीख घेऊन येतो. म्हणून तो खरा ठरतो असं नाही, पण जाब कोणाला विचारायचा ते तरी कळतं.

दुसरी तक्रार आपल्या लिहिणाऱ्यांबद्दल. १९९० साली सोलापूरला पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरलं, ते आपला आवाज आपल्या नावाने नोंदवला जावा म्हणून. आज आपले उत्तम लेख फेसबुकच्या भिंतीवर लिहिले जातात. महिनाभराने लेखकालाही ते सापडत नाहीत. दहा जणांनी मिळून ‘रिपोर्ट’ केलं तर खातंच बंद होण्याची भीती. ऑर्कुट २०१४ मध्ये गेलं, गुगल प्लस २०१९ मध्ये गेलं, टिकटॉक २०२० मध्ये सरकारी आदेशाने एका रात्रीत गेलं. परक्याच्या भिंतीवर लिहिलेलं असंच पुसलं जातं. वर्डप्रेस किंवा ब्लॉगस्पॉटवर लिहा, फीड तिथे आपोआप तयार होतं. मग भिंतीवर फक्त दुवा टाका.

यावर दोन आक्षेप नेहमी येतात. पहिला, आरएसएस केव्हाच मेली. २०१३ मध्ये गुगलने आपलं रीडर बंद केलं तेव्हापासून हे ऐकतोय. मेलं ते एक दुकान. तुम्ही ऐकता ते बहुतेक पॉडकास्ट आजही आरएसएसवरच चालतात. शिवाय वर्गण्यांची यादी ओपीएमएल नावाच्या फाइलमध्ये उतरवून दुसऱ्या रीडरमध्ये नेता येते. दुकान बदलतं, यादी आपलीच राहते.

दुसरा आक्षेप वजनदार आहे. आपणच निवडलं तर आपण आपल्याच मताचं वाचत बसू. बसू शकतो, नाकारत नाही. पण फेसबुकही आपल्याला आवडीचंच चारतं, वर ते कसं निवडलं हे पुरतं सांगत नाही. माझी यादी माझ्यासमोर असते, तिच्यातला पक्षपात मला मोजता येतो. तेव्हा तिच्यात एक कप्पा विरोधकांचा ठेवाच. ज्यांचं लिखाण वाचून रक्त उसळतं त्यांचे पूर्ण लेख वाचा, त्यातलं एक वाक्य कापून फिरवलेलं चित्र नको.

सुरुवात लहान करा. वीसेक जागा पुरेत: काही मराठी, काही उर्दू, काही इंग्रजी. रोज शंभर बातम्या ओतणाऱ्या संकेतस्थळांना वेगळा कप्पा द्या, नाहीतर महिन्यातून एकदाच लिहिणारा चांगला माणूस त्या पुरात बुडतो. न वाचलेल्यांचा आकडा म्हणजे काही कर्ज नव्हे, बेधडक पुसून टाका. दोन महिन्यांत एकदाही न उघडलेली वर्गणी रद्द करा.

आपल्याविषयी कोण काय लिहितं, यावर आपला ताबा नाही. आपण काय वाचतो, यावर आहे. तेवढाही ताबा आपणहून सोडायचा आणि मग मीडियाच्या नावाने बोटं मोडायची, हे आता पुरे.