डूख माणूसच धरतो

रक्तदाबाचा रुग्ण समोर बसला की आम्ही डॉक्टर मंडळी ठरावीक प्रश्न विचारतो. मीठ किती खाता, तंबाखू आहे का, आई-वडिलांना त्रास होता का, झोप लागते का. एक प्रश्न मात्र राहून जातो, आणि तो विचारायलाच हवा असे माझे मत आहे : सध्या कोणाशी वैर चालू आहे?

लोक आधी हसतात. मग सांगू लागतात, आणि बाहेरच्या बाकावरील मंडळींना खोळंबावे लागते. भावाने बांध कोरला, भागीदाराने गिऱ्हाईक फोडले, विहीणबाईंनी लग्नात मान ठेवला नाही. गोष्ट दहा वर्षांपूर्वीची, पण तारीख-वार तोंडपाठ! सांगता सांगता मूठ वळते. त्या क्षणी दंडाला पट्टा बांधला तर आकडा चढलेला दिसतो.

या एका भावनेसाठी मराठीत शब्द तरी किती! सूड, वचपा, उट्टे, खुन्नस, काटा काढणे, डूख धरणे. (नाग डूख धरतो हे आपण त्याच्यावर घेतलेले बालंट आहे. माणसाचा चेहरा बारा वर्षे जपून ठेवण्याची सोय त्या बिचाऱ्याच्या मेंदूत नाही. ती आपल्या मेंदूत आहे.)

राग आला की अॅड्रेनलीन रक्तात उतरते, नाडी वाढते, रक्तवाहिन्या आवळतात. ही संकटापुरती तरतूद आहे. प्रसंग सरला की शरीराने पूर्वपदावर यायचे असते. डूख धरणारा मात्र तोच प्रसंग रोज रात्री पुन्हा जगतो. २००१ साली अमेरिकेत काही तरुणांना, ज्याने दुखावले त्याचा आकस मनात घोळवायला सांगितले, तेव्हा त्यांची नाडी आणि रक्तदाब दोन्ही वाढले. समोर शत्रू नव्हता, नुसती आठवण होती.

सूड गोड लागतो हे काही खोटे नाही. झुरिचच्या संशोधकांनी २००४ मध्ये दाखवले, की फसवणाऱ्याला शिक्षा करताना मेंदूतील सुखाशी संबंधित भाग जागा होतो. पण २००८ च्या एका अमेरिकन प्रयोगात गंमत झाली. ज्यांना शिक्षा करण्याची संधी मिळाली, त्यांनाच नंतर अधिक वाईट वाटत राहिले, कारण ते त्या माणसाचाच विचार करीत बसले. ज्यांना संधी मिळाली नाही, ते आपापल्या कामाला लागले.

आमच्या पुण्याने सूड आणि प्रतिसूड यांची साखळी जवळून पाहिली आहे, तीही साथीच्या रोगाच्या निमित्ताने. १८९७ च्या प्लेगात रँडसाहेबाच्या हाताखालचे गोरे सोल्जर तपासणीसाठी घराघरांत, थेट देवघरापर्यंत शिरले. रोगी शोधणे जरुरीचे होते; माणसांची विटंबना जरुरीची नव्हती. भीतीने आणि संतापाने लोक रोगी लपवू लागले. २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर दामोदर आणि बाळकृष्ण चाफेकरांनी रँड आणि आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या. त्या बंधूंच्या देशभक्तीचे मोजमाप करण्याची माझी योग्यता नाही, आणि तो या सदराचा विषयही नाही. मी पाहतो ते पुढचे. सरकारने शहरावर जादा पोलीस बसवून त्याचा खर्च पुणेकरांच्याच माथी मारला. नातू बंधूंना खटल्याविना अटकेत ठेवले. टिळकांना राजद्रोहाखाली १८ महिन्यांची शिक्षा झाली. फेब्रुवारी १८९९ मध्ये, चाफेकरांची माहिती देणाऱ्या द्रविड बंधूंना वासुदेव चाफेकर आणि महादेव रानडे यांनी ठार केले. एकाच आईचे तीन मुलगे फासावर गेले. प्लेग मात्र त्यानंतरही वर्षानुवर्षे पुण्यात फिरून येत राहिला.

रोजच्या व्यवहारात गोळ्या झाडल्या जात नाहीत, नळ बंद केले जातात. पेठांतील जुने वाडे पाहा. भाडे गोठलेले, मालक म्हणतो, एवढ्याशा भाड्यात कौले कशी बदलू? भाडेकरू म्हणतो, आता मेलो तरी खोली सोडत नाही. दुरुस्ती थांबते, दावा मात्र चालू राहतो. अशाच एका वाड्यातील आजोबा नातवाला घेऊन येत. पोराला दम्याचा पंप, घरात भिंतीला ओल आणि बुरशी. भिंत दुरुस्त करून घ्या म्हटले तर आजोबा म्हणाले, "पडली तरी चालेल, पण त्या माणसाला माझ्या खोलीत पाऊल टाकू देणार नाही." नातू सात वर्षांचा. त्या भांडणात तो कोणाच्याच बाजूचा नव्हता.

'झाले गेले विसरून जा' असा सल्ला मी देत नाही. तो बहुधा ज्याचे काही बुडालेले नसते असा माणूस देतो. पैसे बुडाले असतील तर वसूल करा. मालकाने पाणी किंवा वीज तोडली असेल तर १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याखाली न्यायालयात जा. तसे तोडण्याचा त्याला अधिकार नाही. मात्र वकिलाकडे जाण्याआधी एका कागदावर लिहून काढा, की मला नक्की काय मिळाले म्हणजे हे प्रकरण संपेल? रक्कम, खोली, वाटणी असे काही लिहिता आले तर मार्ग निघतो, कधी लोकअदालतीतही निघतो. 'त्याची जिरली पाहिजे' एवढेच लिहिता आले, तर त्याला कोणतेही कोर्ट पुरे पडत नाही, आणि फी भरता भरता रक्तदाबाच्या गोळ्यांची संख्या वाढते.

तोवर काही साध्या गोष्टी पाळाव्यात. कोर्टाच्या तारखेच्या दिवशी सकाळची गोळी चुकवू नये. रात्री जेवणानंतर प्रकरणाची फाईल उघडू नये. संतापात लिहिलेले पत्र किंवा मोबाईलवरचा निरोप दुसऱ्या दिवशी वाचूनच पाठवावा. आणि भांडणानंतर छातीवर दाब येऊन घाम सुटला, जबडा किंवा डावा हात दुखू लागला, तर 'पित्त झाले असेल' म्हणून सोडा पीत बसू नये. १०८ क्रमांकावर फोन करून रुग्णवाहिका बोलवावी आणि ताबडतोब मोठे रुग्णालय गाठावे.