तटावरची सायकल

गेल्या महिन्यात हे सदर चुकले. दोन-तीन भगिनींनी फोन करून विचारलेही, तब्येत बरी आहे ना? अल्हम्दुलिल्लाह, तब्येत उत्तम आहे. फक्त डावा गुडघा सोलवटला आहे. आज त्या गुडघ्याचीच गोष्ट सांगते.

मुलांच्या अब्बांचा पॅकिंगच्या यंत्रांच्या सुट्या भागांचा छोटा धंदा आहे. दर ऑक्टोबरात चीनमध्ये ग्वांगझूला मोठे व्यापारी प्रदर्शन भरते, तिथे ते जातात. यंदा मुलांची दिवाळीची सुट्टी आणि प्रदर्शन जुळून आले, तेव्हा आम्हालाही घेऊन गेले. त्यांचे काम उरकल्यावर चार दिवस शीआन शहरात काढायचे ठरले. शीआन का, तर तिथे जुनी मशीद आहे, हलाल जेवणाची काळजी नाही, आणि शहराच्या तटबंदीवर सायकल चालवता येते हे आमच्या लेकीने मोबाइलवर पाहून ठेवले होते. तिने वडिलांना आधीच पटवले होते, की हे शहर आपण टॅक्सीत बसून नाही, सायकलवरून पाहायचे.

तिथे सायकल मिळवणे अगदी सोपे आहे. फूटपाथवर पांढऱ्या रेघांनी चौकोन आखलेले असतात, त्यात पिवळ्या-निळ्या सायकली रांगेने उभ्या. मोबाइलने सायकलवरचा कोड टिपला की खट्कन कुलूप उघडते. अर्ध्या तासाला साधारण आपल्या वडापावचे पैसे. काम झाले की दुसऱ्या एखाद्या चौकोनात सोडून चालू लागायचे. चौकोनाबाहेर उभी केली तर मात्र कुलूप लागते, पण मोबाइल काही केल्या हिशेब बंद करत नाही. पहिल्या दिवशी मुलांच्या अब्बांचा अर्धा तास त्याच भांडणात गेला.

अडचण एकच निघाली. बारा वर्षे पूर्ण झाल्याशिवाय रस्त्यावर सायकल चालवायची नाही, असा तिथला कायदा आहे. आमचा धाकटा दहा वर्षांचा. या भाड्याच्या सायकलीवर कुणाला मागे बसवायचीही परवानगी नाही. मी लगेच म्हटले, "तुम्ही दोघे सायकलने जा. मी धाकट्याला घेऊन मेट्रोने येते. कुणीतरी त्याच्यासोबत हवेच ना." बोलताना मला स्वतःलाच हायसे वाटले. मला सायकल येत नाही हे या चौघांत फक्त मलाच नीट ठाऊक होते.

आमचे हॉटेल घंटाघराजवळ होते. हे घंटाघर 1384 सालचे. त्याच्या चारी बाजूंनी चार सरळ रस्ते निघतात आणि चार दिशांच्या वेशींना जाऊन भिडतात. पहिल्या दिवशी भेटायचे ठिकाण ठरले ते दक्षिणेचा उंच पॅगोडा. धाकटा आणि मी जिना उतरून जमिनीखाली गेलो, गाडीत बसलो, एका स्टेशनावर गाडी बदलली, पुन्हा जिना चढून वर आलो, तर समोर पॅगोडा. मधले शहर कसे आहे याचा पत्ताच नाही. काचेत आमचेच चेहरे दिसत होते, तेवढेच.

या पॅगोड्याशी आपली ओळख निघेल असे मला वाटले नव्हते. समोर एका बौद्ध भिक्षूचा मोठा पुतळा आहे. तो म्हणजे आपल्या शाळेच्या इतिहासातला ह्युएनत्संग. तेव्हा या शहराचे नाव चांगआन होते आणि ते तांग राजांची राजधानी होते. इथून निघून तो हिंदुस्थानभर फिरला, दुसऱ्या पुलकेशीच्या काळात आपल्या महाराष्ट्रातही आला, इथल्या माणसांबद्दल लिहून ठेवले, आणि 645 साली शेकडो ग्रंथ घेऊन परतला. ते ग्रंथ ठेवण्यासाठी 652 साली हा पॅगोडा बांधला. धाकट्याने विचारले, "म्हणजे हा महाराष्ट्रात चालत आला होता?" मी म्हटले, "कधी चालत, कधी घोड्यावरून." तो म्हणाला, "आणि आपण खालून आलो."

बापलेक चाळीस मिनिटे उशिरा आले. तोवर माझ्या मनात काय काय येऊन गेले ते आयांना सांगायला नको. तिकडे वाहने उजव्या बाजूने चालतात, विजेच्या स्कूटरचा आवाज येत नाही, मागून कधी येऊन ठेपतात कळत नाही. दोघे आले ते गाल लाल करून, खिशात गरम भाजलेले चेस्टनट घेऊन. लेक थांबेना. दक्षिण वेशीजवळ एक गल्ली आहे, तिथे नुसती शाईची आणि कुंचल्यांची दुकाने. झाडाखाली म्हातारे बुद्धिबळासारखा खेळ मांडून बसले होते, बघणारेच जास्त ओरडत होते. सायकलींसाठी वेगळी वाट, मध्ये झाडांची रांग, म्हणून भीती वाटली नाही. एका चौकात अब्बा सवयीने डावीकडे शिरले आणि समोरून अख्खी शाळा सुटलेली, सगळी मुले हसत बाजूला झाली. दोघांनी एकच रस्ता तीनदा चुकवला होता. मी सगळे ऐकत होते. त्याच शहरातून मीही आले होते, पण माझ्याकडे सांगायला दोन जिने आणि एक बदललेली गाडी.

मी लहान असताना मिरजेत तासाच्या भाड्याने सायकल मिळायची. दुकानदार वहीत नाव आणि वेळ लिहून घ्यायचा. माझा मोठा भाऊ भाडे भरायचा आणि त्यातली दहा मिनिटे मला द्यायचा. मी दांड्याखालून पाय घालून चालवायला शिकले, तो सीट धरून मागे पळायचा. सीटवर बसण्याइतकी उंची झाली, आणि नेमक्या त्याच सुमारास बाजारात सगळ्यांसमोर पडले. सलवार चेनमध्ये अडकून फाटली. घरी दादी एवढेच म्हणाली, "बस झाली सायकल." कुणी मारले नाही, रागावले नाही. विषय संपला. भाऊ हायस्कूलला सायकलने जायचा, मी मैत्रिणींबरोबर चालत. दादीचा मला तेव्हाही राग आला नव्हता, खोटे कशाला सांगू.

ही जुनी आठवण सलण्याचे कारण वेगळे आहे. आमच्या लेकीची सायकल आमच्या जिन्याखाली पडून आहे. दहावीपर्यंत ती सायकलने शाळेत जायची. अकरावीला मीच तिला रिक्षा लावली. कॉलेज तीन किलोमीटरवर, वाटेत ट्रक असतात, हे मी घरात सांगितलेले कारण. लोकांच्या नजरा आणि लोकांची तोंडे हे न सांगितलेले. तीही काही बोलली नाही. विषय संपला.

संध्याकाळी मुस्लिम मोहल्ल्यात गेलो. सायकल तिथे शिरूच शकत नाही, इतकी गर्दी. ढोल-मनोऱ्याच्या मागून गल्ल्या सुरू होतात. जाळावर मटणाच्या काड्या, तव्यावर पर्सिमॉनच्या फळाच्या गोड टिक्क्या, खजूर घालून वाफवलेला चिकट भात. इथले लोक हुई मुसलमान, दिसायला आणि बोलायला पूर्ण चिनी. हुईंची संख्या देशभरात एक कोटीहून अधिक आहे. मशिदीला घुमट नाही. उतरत्या छपरांची, अंगणामागून अंगणे असलेली, बागेसारखी वास्तू, आणि मिनाराच्या जागी अष्टकोनी मनोरा. स्थापना 742 सालची मानतात, आजची बांधणी मिंग काळातली. चिनी मंदिरे दक्षिणेकडे तोंड करून असतात, ही मात्र पूर्व-पश्चिम, कारण किब्ला पश्चिमेला. म्हणजे आपल्यासारखाच. मगरिबच्या वेळी दिशा विचारावी लागली नाही, याचे मला उगाच बरे वाटले.

जेवायला पाओमो घेतले. यात गंमत अशी, की आधी वाडगा आणि कडक रोट्या आपल्यापुढे ठेवतात. रोटीचे अगदी बारीक तुकडे गिऱ्हाइकानेच करायचे. मग वाडगा आत जातो आणि मटणाच्या रश्श्यात शिजून येतो. आमच्या धाकट्याचे तुकडे मोठे होते, म्हणून दुकानाच्या वृद्ध मालकीणबाईंनी वाडगा परत पाठवला. सलाम करून त्या आमच्याजवळ बसल्या. मोबाइल चिनीचे हिंदी करून सांगत होता. सायकलचा विषय निघाला. त्यांच्या तरुणपणी लग्नात तीन फिरणाऱ्या आणि एक वाजणारी वस्तू लागायची. सायकल, शिवणयंत्र, घड्याळ आणि रेडिओ. मी म्हटले, आमच्याकडेही जावयाला सायकल, घड्याळ आणि रेडिओच लागायचा. त्या हसल्या आणि म्हणाल्या, त्यांची सायकल लग्नातलीच होती, नवऱ्यापेक्षा त्यांनीच जास्त चालवली.

दुसऱ्या दिवशी तट. हा 1370 ते 1378 या काळात बांधला. बारा मीटर उंच, घेर पावणेचौदा किलोमीटर. आत ठोकून बसवलेली माती आहे, पायाच्या थरात चुना आणि चिकट तांदळाची पेज मिसळली होती म्हणतात. विटांचे आवरण नंतरचे. वरची वाट बारा ते चौदा मीटर रुंद. दक्षिण वेशीवर दोघांनी मागेपुढे बसून चालवायच्या सायकली भाड्याने मिळतात. धाकट्याला अब्बांच्या मागे बसवले. राहिलो आम्ही दोघी. लेक पुढे, मी मागे. हँडल आणि ब्रेक तिच्या हातात, मी फक्त पायडल मारायचे.

जुन्या विटांवरून सायकल खडखडत जाते, बोलले तर जीभ चावेल. आत कौलारू छपरे आणि वाळत घातलेले कपडे, बाहेर खंदक, बाग आणि धुरकट उंच इमारती. खाली बागेत बायका गाण्यावर कवायत करत होत्या. नैर्ऋत्येचा कोपरा इतर तिन्हींसारखा चौकोनी नाही, गोल आहे. जुन्या काळचा तो तसाच ठेवलेला. तिथे वळताना माझा तोल एका बाजूला गेला. लेक न वळता म्हणाली, "अम्मी, तू हँडलशी भांडतेयस. तुझ्याकडचे हँडल फिरत नाही." खरेच, मी ते घट्ट धरून वळवत होते.

उत्तर वेशीवर भाड्याचे दुसरे ठाणे आहे. तिथे ती थांबली आणि म्हणाली, "ही परत करू. दोन साध्या घेऊ." मी नको म्हटले. अब्बा आणि धाकटा पुढे निघून गेले होते, हे तिने पाहूनच ठेवले असावे. केसांचे दोन रबर काढून तिने माझ्या सलवारीचे पाय बांधले, ओढणी पाठीमागे गाठ मारून दिली, आणि सीट धरून मागे पळू लागली. अगदी भावासारखी.

तटावर ठराविक अंतराने बाहेर आलेले बुरूज आहेत, एकूण 98. दोन बुरुजांत 120 मीटर. त्याचे कारण असे, की दोन्हीकडच्या तिरंदाजांचा मारा निम्म्या अंतरापर्यंत पोचावा आणि मध्ये शत्रूला जागा राहू नये. आम्ही त्याचेच माप केले. पहिला प्रयत्न अर्ध्या बुरुजात संपला. दुसऱ्यात पडले, गुडघा सोलवटला. फिरायला आलेल्या एका चिनी आजीबाई थांबल्या, पर्समधून चिकटपट्टी काढून दिली, आणि बघत तिथेच उभ्या राहिल्या. आता त्यांच्यासमोर सायकल ढकलत कशी नेणार? तिसऱ्यांदा एक बुरूज गेला. मग दोन. लेक मागून मोजत होती. तिने सीट कधी सोडली ते मला माहीत नाही, विचारले तर ती वेगवेगळी उत्तरे देते. अकरा बुरूज सलग गेले. पूर्व वेशीपाशी बापलेक उभे होते. मला ब्रेक लावायला जमले नाही, मुलांच्या अब्बांनी हँडल धरून थांबवले. ते म्हणाले, "येत नाही म्हणाली नव्हतीस कधी." मी म्हटले, "तुम्ही विचारले नव्हते कधी."

उरलेले दोन दिवस मी रस्त्यावर सायकल चालवली नाही, तेवढी हिंमत नव्हती. पहाटे तटाखालच्या बागेत, माणसे कमी असताना, लेक सोबत चालायची आणि मी तिच्या पुढेमागे डगमगत असायचे.

परत आल्यावर रिक्षावाल्या चाचांना सांगितले, हा महिना संपेपर्यंतच. ते म्हणाले, दुसरी सवारी बघतो. जिन्याखालची सायकल बाहेर काढली. दोन्ही टायर गेले आहेत, चेन गंजली आहे, मिस्त्रीने सोमवारी बोलावले आहे. पावसाळ्यात कसे करायचे ते अजून ठरलेले नाही. ट्रकांच्या रस्त्याऐवजी मागच्या वसाहतीतून एक वाट निघते, ती आम्ही दोघी रविवारी चालून पाहून आलो. अर्धा किलोमीटर लांब पडते.

सासूबाई यावर काही बोललेल्या नाहीत. काल रात्री दस्तरखानावर त्यांनी मला एवढेच विचारले, "गुडघ्याला हळद लावलीस का?"